पानावेगळी अळी

छायाचित्रणाच्या छंदाने आमच्या मध्यमवर्गीय घरांत आता चांगलेच मूळ धरले आहे. ज्या घरांत पूर्वी एखादा कॅमेरा लग्नामुंजीपुरता शेजाऱ्याकडून मागून आणला जाई, त्या घरांत आज प्रत्येकाच्या खिशात एकेक कॅमेरा आहे. आणि त्यावर लहानसे भिंग चढविले की मुंगीची मिशी अथवा फुलपाखराच्या पंखावरील खवला डोळ्यांपुढे ठळक होऊन उभा राहतो. या प्रकारास मॅक्रो छायाचित्रण म्हणतात. हा छंद निर्व्यसनी आहे, तो मुलांना घराबाहेर काढतो आणि ज्ञानवर्धकही होऊ शकतो. तेव्हा छंदाशी आमचे भांडण असण्याचे कारण नाही. आमचे भांडण आहे ते त्यात शिरलेल्या एका खोटेपणाशी. चित्र सुंदर दिसावे म्हणून अळीला तिच्या पानावरून उचलावयाचे, फुलपाखराला थंडीने गारठवावयाचे, दोघांनाही काळ्या कापडापुढे मांडावयाचे, आणि मग त्या चित्राखाली ‘निसर्ग’ असा शब्द लिहावयाचा, ही रीत आम्हांस अनीतीची वाटते. आणि अनीतीहूनही अधिक ती आम्हांस मूर्खपणाची वाटते. हे दोन्ही आरोप सिद्ध करून दाखविण्याची जबाबदारी आम्ही पत्करतो.

उदाहरणासाठी आम्ही गोंदिया जिल्हा घेतो, कारण हा प्रश्न तेथे विशेष स्पष्टपणे पाहावयास मिळतो. १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यापासून वेगळा झालेला हा जिल्हा धानाचा, तलावांचा आणि जंगलाचा. नागझिरा अभयारण्य १९७० साली झाले, नवेगाव राष्ट्रीय उद्यान १९७५ साली, आणि २०१३ च्या डिसेंबरात या वनांचा मिळून व्याघ्रप्रकल्प झाला. तेव्हापासून शहरांतून येणाऱ्या मंडळींची दृष्टी वाघावर खिळलेली आहे. चोरखमाऱ्याच्या किंवा मंगेझरीच्या फाटकातून पहाटे आत शिरावयाचे, वाघ दिसला तर धन्य व्हावयाचे, न दिसला तर वाटाड्यावर रुष्ट होऊन परतावयाचे, एवढाच त्यांचा अरण्याशी व्यवहार. पावसाळा लागला की गाभ्याच्या जंगलातील हे पर्यटन बंद होते, आणि मंडळींच्या लेखी अरण्यच संपते. वस्तुतः त्याच वेळी दुसरे एक अरण्य उघडते. आषाढ-श्रावणात कोवळी पालवी फुटते आणि तिच्याबरोबर अळ्या येतात. त्यांना पाहावयास फाटक नको, गाडी नको, परवानाही नको. परसातील कढीपत्त्याचे झाड, कुंपणावरची कण्हेर आणि रस्त्याकडेची रुई पुरेशी आहे. ज्यांनी हे दुसरे अरण्य ओळखले व त्याकडे कॅमेरा वळविला, त्यांचे आम्ही मनापासून अभिनंदन करतो. दुःख एवढेच की, त्यांच्यापैकी कित्येकांनी वाघाच्या मागे धावणाऱ्यांची हाव आपल्याबरोबर तेथेही नेली.

ही हाव कोठून उत्पन्न होते, हे समजण्यासाठी भिंगाचा स्वभाव थोडा समजून घेतला पाहिजे. वस्तूची प्रतिमा वस्तूएवढीच घ्यावयाची झाल्यास, पस्तीस मिलिमीटर चौकटीच्या कॅमेऱ्यात भिंगाचे छिद्र एफ ८ इतके ठेवले असता, स्पष्ट दिसणारा थर सुमारे १ मिलिमीटर जाडीचा असतो. छिद्र लहान करून एफ १६ वर आणले तरी तो २ मिलिमीटरच्या आसपासच राहतो. म्हणजे अळीचा डोळा स्पष्ट आला तर पाठ धूसर होते आणि पाठ धरावी तर डोळा निसटतो. वाऱ्याची एक झुळूक, एक पाऊल, एक श्वास एवढ्यानेही चित्र बिघडते. यावर उपाय म्हणून निरनिराळ्या अंतरांवर स्पष्ट केलेली वीस-पंचवीस चित्रे ओळीने घेऊन संगणकाकडून त्यांचे एक चित्र करविण्याची युक्ती निघाली आहे. युक्ती चांगली आहे; परंतु तिची अट अशी की, तेवढा वेळ समोरचा जीव निश्चल राहिला पाहिजे. आणि जिवंत प्राणी निश्चल राहत नाही, हाच तर त्याच्या जिवंतपणाचा पुरावा!

येथून सारा अनर्थ सुरू होतो. उणीव भिंगाची, पण दंड भरावयाचा कीटकाने. फुलपाखरू पकडून डबीत घालतात व डबी घरच्या फ्रीजमध्ये ठेवतात. गारठून अर्धमेले झालेले ते पाखरू मग फुलावर ‘बसवितात’. अळी असलेली फांदी कापून घरी आणतात व दिव्याखाली रोवतात. लिंबावरच्या अळीच्या मानेमागून संकटसमयी एक दुभंगलेले तांबूस-नारिंगी शिंग बाहेर येते आणि त्याला उग्र वास असतो. हे शिंग चित्रात यावे म्हणून काडीने तिला पुनःपुन्हा डिवचतात. शत्रूसाठी राखलेले तिचे हत्यार असे चित्रकाराच्या हौसेपायी खर्ची पडते. या साऱ्या क्लृप्त्या छंदी मंडळींत अनुभवी माणूस नवख्याला सांगतो, आणि त्या सांगताना त्याच्या चेहऱ्यावर संकोचाची रेषाही उमटत नाही.

यातील सर्वांत घातक क्लृप्ती तर अजाणतेपणाने घडते. अळी आपल्या वाढीत बहुधा चार वेळा कात टाकते. कात टाकण्यापूर्वी ती पानावर रेशमाची बारीक गादी विणते, तीत मागच्या पायांचे आकडे रोवते आणि कित्येक तास, कधी पुरा दिवस, हालचाल न करता बसून राहते. जुनी कात त्या गादीला अडकून राहावी आणि आपण पुढे सरकून मोकळे व्हावे, हा त्यातील हेतू. नेमक्या याच वेळी आमच्या छंदी गृहस्थास वाटते की, वा! आज ही किती शांत बसली आहे! तो तिला चिमटीत धरून उचलतो व आपल्या सोयीच्या पानावर ठेवतो. गादी सुटली की अळीला कातेतून बाहेर पडणे जड जाते, आणि पुष्कळदा ती जुन्या कातेतच गुदमरून मरते. चित्राला बक्षीस मिळते. चित्रातील जीव त्याच रात्री संपलेला असतो.

आता कोणी म्हणेल की, एका अळीच्या मरणाचे एवढे अवडंबर कशाला? शेतकरी फवाऱ्याने हजारो मारतो, बाग राखणारी गृहिणी कढीपत्त्यावरच्या अळ्या वेचून टाकते, पक्षी तर दिवसभर हेच करीत असतात. हा आक्षेप आम्ही हसण्यावारी नेत नाही. आम्ही अहिंसेचे प्रवचन करावयास बसलेलो नाही. शेतकरी मारतो तो पिकासाठी, आणि आपण मारले असे तो उघड सांगतो. पक्षी खातो तो पोटासाठी. छायाचित्रकार मात्र मारून वर ‘पाहा, हे किती जिवंत आहे’ असे सांगतो. आमचा पहिला आरोप मारण्याचा नव्हे, तो या सांगण्याचा आहे.

परंतु आमचा खरा कटाक्ष दुसऱ्या आरोपावर, म्हणजे मूर्खपणाच्या आरोपावर आहे. पानावरून उचललेल्या अळीचे चित्र अपुरे असते इतकेच नव्हे, तर पुष्कळदा ते निरर्थक असते. कारण अळी आणि तिचे पान ही दोन नव्हेतच. इंग्रजीत बॅरन म्हणून ओळखल्या जाणाऱ्या फुलपाखराची अळी आंब्याच्या पानावर वाढते. ती हिरवी, चपटी असते. तिच्या दोन्ही अंगांना पिसांसारखे काटेरी फाटे पसरलेले असतात आणि पाठीवरून एक फिकट रेघ गेलेली असते. ती पानाच्या मधल्या शिरेवर लांब होऊन पडली की पाठीवरची रेघ पानाच्या शिरेशी मिळून जाते, पिसे पानात विरतात, आणि हातभर अंतरावरूनही ती दिसत नाही. हीच अळी काळ्या कापडावर ठेवली तर काय दिसते? एक विचित्र केसाळ प्राणी! पाहणारा म्हणतो, अबब, केवढे हे काटे! त्या काट्यांचे सारे प्रयोजन पानावर अदृश्य होण्याचे आहे, आणि चित्रकाराने तर तिला दिसण्यासाठीच उचलून आणली. वाक्यातून एक शब्द उपटून तो सुवर्णाक्षरांनी फळ्यावर लिहावा व वाक्य पुसून टाकावे, तशातला हा प्रकार झाला.

कमांडर नावाच्या फुलपाखराची लहान अळी कळंबासारख्या झाडांच्या पानावर याहून चमत्कारिक संसार मांडते. ती पान टोकाकडून कुरतडते, मधली शीर तेवढी शिल्लक ठेवते, आणि त्या उघड्या शिरेवर आपली विष्ठा व पानाचे तुकडे रेशमाने चिकटवून त्या कचऱ्यात कचरा होऊन बसते. स्पर्धेच्या दृष्टीने हे चित्र ‘अस्वच्छ’. तेव्हा चित्रकार काय करतो? कचरा झाडून अळी तेवढी ठेवतो! म्हणजे घर मोडावयाचे, आणि घरधन्याचे चित्र टांगून त्यास गृहस्थाश्रमाचे चित्र म्हणावयाचे.

रुईवरील अळीचे उदाहरण उलट दिशेचे आहे. तिच्या अंगावर काळे, पांढरे व पिवळे पट्टे असतात आणि ती मुळीच लपत नाही. तिला हा उद्दामपणा कोठून आला? रुईच्या चिकातून. तो विषारी चीक पचवून ती स्वतः विषारी होते व आपल्या रंगांनी पक्ष्यांस तशी वर्दी देते. तिच्यापासून होणारे प्लेन टायगर हे नारिंगी फुलपाखरूही त्याच विषाच्या बळावर सावकाश, निर्धास्त उडते. आणि गंमत पाहा, डॅनेड एगफ्लाय नावाच्या दुसऱ्याच एका फुलपाखराची मादी हुबेहूब याचा वेष घेऊन उडत असते, पण तिच्या अंगी ते विष नसते. उडत्या पाखरांकडे पाहून अनुभवी माणूसही फसतो. परंतु अळी पाहिली की संशय उरत नाही, कारण एकीची अळी रुईवर वाढते आणि दुसरीची घोळीच्या भाजीवर. पाखरू फसविते; अळीचे पान फसवीत नाही. आणि आमचे छंदी लोक चित्राची चौकट आवळताना पहिली कात्री लावतात ती पानालाच!

जवळून आणि जागच्या जागी न पाहिल्यामुळे केवढी चूक शतकानुशतके चालू शकते, याचे उदाहरण आमच्याच वाङ्मयात आहे. कीट-भृंग न्याय कोणास ठाऊक नाही? भृंगी अळीला मातीच्या घरात कोंडते. तिच्या भयाने व ध्यासाने ती अळीच शेवटी भृंगी होऊन बाहेर पडते. भक्ताने देवाचे ध्यान करून देवरूप व्हावे, हे सांगण्यासाठी संतवाङ्मयात हा दृष्टान्त ठायी ठायी आला आहे, आणि दृष्टान्त म्हणून त्याची गोडी आम्हांसही आहे. परंतु सृष्टीत घडते ते असे की, कुंभारीण माशी नांगी मारून अळीला लुळी करते, मातीच्या मडक्यात तिला भरून ठेवते आणि तेथे आपले अंडे घालते. त्या अंड्यातून निघालेले पोर त्या लुळ्या अळीवर पोसले जाते व मोठे होऊन बाहेर पडते. अळी भृंगी झालीच नाही. ती भृंगीच्या पोराचे अन्न झाली. मडक्यात अळी जाताना व मडक्यातून माशी निघताना लोकांनी पाहिली, आणि मधले न पाहिलेले कल्पनेने भरून काढले. आज ज्याच्यापाशी भिंग आहे त्यास हे मधले पाहता येते. पण ते भिंताडावरच्या त्या मडक्यापाशी बसून. अळी उचलून दिवाणखान्यात आणणाऱ्याला तर पूर्वीचे लोक पाहात तेवढेही पाहावयास मिळणार नाही.

ज्यांनी या विषयात खरी भर घातली त्यांची रीत पाहिली म्हणजे आमचे म्हणणे अधिक पटेल. मारिया सिबिला मेरियन ही जर्मन चित्रकर्त्री वयाच्या तेराव्या वर्षापासून रेशमाच्या किड्यांचे निरीक्षण करू लागली. बावन्नाव्या वर्षी, १६९९ साली, ती आपल्या मुलीसह दक्षिण अमेरिकेतील सुरिनामला गेली, तेथे दोन वर्षे राहिली, आणि १७०५ साली तिने आम्स्टरडॅम येथे तेथील कीटकांच्या रूपांतरांवरील साठ चित्रांचा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्या चित्रांची थोरवी रंगांत नाही. एकाच पानावर खाद्यवनस्पती, तीवर अळी, कोष आणि पाखरू अशी साऱ्या आयुष्याची मांडणी तिने केली, यात ती आहे. तिच्या काही चित्रांत चुका आहेत, तरी तिने रीत घालून दिली ती आजही टिकून आहे. आमच्या शेजारी कारवारास टी. आर. बेल हे वनाधिकारी होऊन गेले. त्यांनी डेव्हिडसन व एटकिन यांच्यासह उत्तर कानडा जिल्ह्यातील फुलपाखरांवर १८९६ साली मुंबईच्या नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या नियतकालिकात लेखमाला लिहिली आणि पुढे १९०९ पासून मैदानी प्रदेशांतील फुलपाखरांवर स्वतंत्रपणे लिहिले. अळी कोणत्या झाडावर, पानाच्या कोणत्या बाजूस, कशी बसते, हे त्यांनी अळ्या पाळून व पाहून नोंदविले. त्यांच्या लेखांचे मोल चित्रांवर अवलंबून नाही. ते या नोंदींवर उभे आहे. आणि २०१८ साली कृष्णमेघ कुंटे व त्यांच्या सहकाऱ्यांनी सह्याद्रीतील फुलपाखरांच्या खाद्यवनस्पतींची जी यादी प्रसिद्ध केली, तीत तेथील ३३६ जातींपैकी ३२० जातींच्या अळ्या काय खातात हे आले आहे. पिढ्यान्‌पिढ्या माणसांनी अळीबरोबर पानाचेही नाव लिहून ठेवले, म्हणून ही यादी होऊ शकली.

आता या दृष्टीने पुन्हा गोंदियाकडे वळू. १९३१ साली नागपूरच्या संग्रहालयाने ई. ए. डी’अब्रू यांनी केलेली मध्यप्रांतातील फुलपाखरांची यादी छापली. आजचा गोंदिया जिल्हा त्या वेळी त्याच प्रांतात मोडत होता. २०११ साली आशिष टिपले यांनी विदर्भातील फुलपाखरांची नवी यादी प्रसिद्ध केली. नावांच्या याद्या अशा विद्वानांनी केल्या. आता त्या नावांपुढे झाडे, ठिकाणे व महिने भरत जावयाचे काम शेकडो डोळ्यांचे आहे, आणि शेकडो कॅमेरे नेमके येथे उपयोगी पडावयाचे. तेंदूचेच पाहा. झाडीपट्टीतील सहस्रावधी कुटुंबे ऐन उन्हाळ्यात तेंदूपत्ता तोडतात, आणि त्या पानांत तंबाखू वळून विडी होते. त्याच तेंदूच्या पानावर बॅरोनेट नावाच्या नारिंगी-तांबूस फुलपाखराची अळी वाढते. ज्या पानाचा पुडा बांधून हिशेब होतो, त्या पानावर आणखी कोणाचा संसार आहे, हे दाखविणारे एक साधे, पानासकट घेतलेले चित्र आम्ही काळ्या कापडावरच्या शंभर चित्रांहून मोलाचे समजू.

आणि जिवाला हात केव्हा लावावा व केव्हा लावू नये, हे शिकावयाचे असेल तर त्यासाठी विलायतेस जावयास नको. भंडारा-गोंदियाकडील धीवर कुटुंबे ऐनाच्या झाडांवर टसरच्या अळ्या वाढवितात; ऐनाला तिकडे येन म्हणतात. पाखरांपासून व मुंग्यांपासून ती त्यांना राखतात, आणि एका झाडाचा पाला संपला की फांदीसकट दुसऱ्या झाडावर नेतात. पण अळी कात टाकावयास बसली असता तिला हलवू नये, हा या धंद्यातला साधा नियम आहे. शेवटी कोसा उकळला जातोच, आणि आतील जीव मरतोच. तेव्हा हे लोक काही कीटकांचे वैरागी उपासक नव्हेत. परंतु ज्यांचे पोट त्या अळीवर आहे त्यांना तिच्या कातेची वेळ ठाऊक असते, आणि ज्यांचा तिच्याशी संबंध केवळ सौंदर्यापुरता आहे त्यांना ती ठाऊक नसते, ही गोष्ट आमच्या सुशिक्षितपणास भूषणावह नाही.

यावर कलेचा पक्ष घेऊन कोणी पुढे येईल. कलावंताला मांडणी करण्याचे स्वातंत्र्य नाही काय? चित्रकार फुलदाणीत फुले रचून त्यांचे चित्र काढतो, त्यास कोणी लबाड म्हणत नाही. बरोबर आहे, कारण तो ‘हे रान आहे’ असे म्हणत नाही. ज्याला रचनाच करावयाची आहे त्याने खुशाल करावी व चित्राखाली ‘रचलेले’ असे लिहावे. परंतु तेवढा एक शब्द लिहावयास ही मंडळी तयार नसतात, कारण तो लिहिला की बक्षिसाची आशा संपते. म्हणजे चित्राचे निम्मे मोल ते खरे आहे या समजुतीत आहे, हे त्यांनाही कबूल आहे. लंडनच्या नॅचरल हिस्ट्री म्युझियमने आपल्या वन्यजीव-छायाचित्र स्पर्धेत २०१७ साली एका चित्रास पारितोषिक दिले. रात्री वारुळाशी आलेल्या मुंगीखाऊ प्राण्याचे ते चित्र होते. तो प्राणी पेंढा भरलेला असावा असा निर्वाळा तज्ज्ञांनी दिल्यावर, चित्रकाराने इन्कार केला तरी २०१८ साली ते पारितोषिक परत घेण्यात आले. चित्राचे सौंदर्य आदल्या दिवशी होते तितकेच दुसऱ्या दिवशीही होते. मात्र त्यावरचा विश्वास उडाला होता.

आजच्या काळात तर या विश्वासाखेरीज छायाचित्रापाशी दुसरे काही उरलेलेच नाही. चार शब्द सांगितले की संगणक हवे तसे फुलपाखरू, हव्या त्या फुलावर, दवबिंदूंसह काढून देतो. त्यासाठी भिंग नको, थंडी नको, पहाट नको. केवळ सुंदरच हवे असेल तर त्या यंत्राशी माणसाने कशास स्पर्धा करावी? यंत्राला एक गोष्ट मात्र मुळीच करता येत नाही. ‘अमुक दिवशी, अमुक गावी, अमुक झाडाच्या पानावर हा जीव मी पाहिला’ अशी साक्ष ते देऊ शकत नाही. ही साक्ष हाच छायाचित्रकाराचा एकमेव हक्क राहिला आहे, आणि फ्रीजमध्ये ठेवलेले पाखरू फुलावर बसविणारा मनुष्य नेमका तोच हक्क आपल्या हाताने फेकून देतो.

राहता राहिली अडचण निश्चलतेची. जिवंत जीव स्थिर बसत नाही, मग चित्र घ्यावे कसे? याचे उत्तर गोंदियाच्या हवेतच आहे. फुलपाखराच्या अंगात पुरेशी ऊब आल्याविना त्यास उडता येत नाही; म्हणून गार सकाळी ते गवताच्या काडीवर स्वस्थ बसलेले असते आणि ऊन आले की पंख पसरून शेकत राहते. गोंदियाची थंडी विदर्भात प्रसिद्ध आहे; पौष-माघात तेथील पारा कित्येकदा १० अंशांखाली उतरतो. निसर्गाने एवढे मोठे शीतगृह उघड्यावर मांडून ठेवले असता घरातील फ्रीजची गरज लागते ती एकाच कारणाने: गृहस्थास पहाटे उठावयाचे नसते! आमच्या मते साऱ्या वादाचे मर्म येथे आहे. स्थिरतेची किंमत कोणी तरी दिलीच पाहिजे. ती चित्रकाराने आपल्या झोपेने व धीराने द्यावी, की जिवाने आपल्या प्राणाने, एवढाच प्रश्न आहे.

अळी घरी पाळून तिचे रूपांतर मुलांना दाखवू नये, असे मात्र आमचे म्हणणे नाही. परसातील कढीपत्त्यावरची अळी ताज्या पाल्यासह बरणीत ठेवावी, रोज पाला बदलावा, ती कात टाकताना हात लावू नये, पाखरू निघाले की जेथून आणले तेथे सोडावे, आणि चित्राखाली ‘घरी वाढविलेले’ असे लिहावे. ज्या मुलाने हे एकदा केले त्यास रूपांतर शब्दाचा अर्थ कोशात पाहावा लागणार नाही. अभयारण्यात मात्र एवढीही मुभा नाही, आणि ती नसणेच योग्य. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात २०२२ साली दुरुस्ती झाली व ती १ एप्रिल २०२३ पासून अमलात आली. तीनुसार अभयारण्यात छायाचित्रणास परवानगी मिळते ती अधिवासात काही बदल न करता व वन्यजीवांस अपाय न होऊ देता करावयाच्या छायाचित्रणास. फांदी कापणे हा अधिवासातील बदल नव्हे, असे कोणास म्हणावयाचे असेल तर त्याने तसे निदान अळीच्या बाजूनेही विचार करून म्हणावे.

महाराष्ट्राने २०१५ साली ब्लू मॉर्मन या मोठ्या काळ्या-निळ्या फुलपाखरास राज्याचे फुलपाखरू म्हणून मान दिला. या राजमान्य पाखराची अळी लिंबाच्या वर्गातील झाडांची पाने खाते, आणि आमच्या बागांतून ‘कीड’ म्हणून मारली जाते. पाखराला मान आणि अळीला चप्पल, ही आमची सौंदर्यदृष्टी! मॅक्रो भिंगाने ही दृष्टी बदलता आली असती, कारण अळीकडे इतक्या जवळून पाहण्याची सोय माणसाला पूर्वी कधी इतकी स्वस्त नव्हती. परंतु त्या भिंगाने अळीचेही पाखरूच करून टाकले: सजविलेले, एकटे, शोभेचे.

हे थांबविणे कठीण नाही, आणि त्यासाठी नवा कायदा किंवा नवी संस्था नको. मासिकांच्या संपादकांनी चित्राखाली झाडाचे नाव, गाव व दिनांक असल्याविना अळीचे वा फुलपाखराचे चित्र छापू नये. शाळांच्या प्रदर्शनांत काळ्या पडद्यावरच्या चित्रांसाठी वेगळी भिंत ठेवावी व तीवर ‘रचलेली चित्रे’ अशी पाटी लावावी. स्पर्धेच्या परीक्षकांनी रंग, उजेड व चौकट यांविषयी विचारण्यापूर्वी एक प्रश्न विचारावा: ही अळी कोणते झाड खात होती? ज्यास उत्तर देता येणार नाही त्याचे चित्र कितीही देखणे असो, ते त्यांनी परत करावे. आणि आईबापांनी मुलाच्या हाती भिंग देताना त्याबरोबर एक वही द्यावी. पहिल्या वर्षी त्या वहीत कढीपत्ता, रुई, कण्हेर, आंबा आणि घोळ एवढी पाचच नावे भरली व प्रत्येकापुढे एक अळी आणि एक तारीख आली, तरी त्या मुलाने वर्षभरात जे मिळविले ते कोणत्याही पारितोषिकाहून अधिक आहे असे आम्ही समजतो.